पाद्रीबाबांचा पगार आणि नानांची वही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग गणपती. दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" नाही हो, बंद नाही केला. एक विषय डोक्यात घोळत होता आणि तो लिहावा की नाही हेच ठरत नव्हतं. विषय तसा कोरडा आहे. एक जुनं इंग्रजी पुस्तक, त्यात चर्चच्या उत्पन्नाचे आकडे आणि पाद्री नेमण्याचा हक्क कुणाकडे आहे त्याच्या याद्या. आता म्हणाल, या वयात काकूंना हे काय सुचलं! सांगते.

२०१८ च्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एक लहानसं खेडं आहे. गावाच्या मानाने चर्च केवढं तरी मोठं. आत गार, शांत, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. भिंतीवर एक लाकडी फळा, आपल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा असतो ना, अगदी तसाच. तेराव्या शतकापासून आजपर्यंतच्या पाद्रींची नावं ओळीने. मी कौतुकाने वाचत होते, तेवढ्यात लक्षात आलं की शेजारी आणखी एक रकाना आहे. त्यात वेगळीच नावं. आधी एका मठाचं नाव कितीतरी वेळा, मग एकदा राजा, मग एकाच घराण्यातली माणसं पिढ्यानपिढ्या.

तिथे प्रार्थनेची पुस्तकं लावून ठेवणारे एक आजोबा होते. त्यांना विचारलं, हा दुसरा रकाना कसला? ते म्हणाले, हे पेट्रन. म्हणजे पाद्रीची जागा रिकामी झाली की तिथे कुणाला नेमायचं ते सुचवण्याचा हक्क ज्यांचा, ते. मी पटकन लेकीला म्हटलं, "अगं, म्हणजे संस्थाचालक!" ती हसायला लागली. चौतीस वर्षं खाजगी संस्थेच्या शाळेत शिकवल्यावर दुसरं काय सुचणार मला?

घरी आल्यावर नातवाने इंटरनेटवर शोधून त्याच विषयाचं एक जुनं पुस्तक काढून दिलं. पानं जशीच्या तशी छायाचित्रासारखी. लेखक जॉन एक्टन. लंडनच्या सरकारी कचेरीत पाद्रींकडून येणारा दशांश जमा करणारा हा अधिकारी. १७११ साली त्याने या उत्पन्नांची यादी पुस्तकरूपाने छापली. १७३० मध्ये तो वारला, आणि १७४२ साली त्याच कामाचं मोठं पुस्तक निघालं. नाव लॅटिन, थेसॉरस रेरम एक्लेसिअॅस्टिकारम. म्हणजे चर्चविषयक गोष्टींचा कोश. थेसॉरस म्हणजे मुळात खजिना. आपल्या 'कोश' शब्दालाही हेच दोन्ही अर्थ आहेत, आणि या पुस्तकाला ते दोन्ही शोभतात.

आत काय? इंग्लंड आणि वेल्समधले धर्मप्रांत, त्याखाली गावं, गावापुढे पाद्रीच्या जागेचं वार्षिक मूल्य पौंड-शिलिंग-पेन्समध्ये, सरकारला द्यायचा दशांश, आणि नेमणुकीचा हक्क कुणाचा ते. आमच्या पिढीला पौंड-शिलिंग कळायला जड जात नाही. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आम्ही पहिलीत रुपये-आणे-पै शिकलो आणि पुढच्या इयत्तेत नवे पैसे आले, तशातलंच.

पण हे आकडे आले कुठून? इथे खरी गंमत आहे.

आकडे १७४२ चे नव्हेतच. ते आहेत १५३५ सालचे! आठवा हेन्री रोमच्या पोपपासून वेगळा झाला, हे आपण शाळेत शिकलो. सहा लग्नांमुळे तो सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्याच सुमाराला, १५३४ साली, त्याने एक कायदा केला. नव्याने नेमलेल्या प्रत्येक पाद्रीने पहिल्या वर्षाचं सगळं उत्पन्न राजाला द्यायचं, आणि पुढे दरवर्षी उत्पन्नाचा दहावा भाग. पहिल्या उत्पन्नाला ते 'पहिली फळं' म्हणत. काही मोठ्या पदांचं हे पहिलं उत्पन्न पूर्वी रोमला जाई. आता सगळ्यांचंच राजाकडे. कर बसवायचा तर उत्पन्न किती ते कळायला हवं. म्हणून १५३५ च्या जानेवारीत राजाने प्रांतोप्रांती कमिशनर नेमले. बिशप, गावोगावचे जमीनदार, नगरांचे मेयर अशी ही माणसं. चर्चची जमीन किती, दशांश किती येतो, दक्षिणा किती पडते, खर्च काय, सगळं लिहून घेतलं. १०८६ च्या जमीनमोजणीनंतर इतकी मोठी पाहणी त्या देशात झाली नव्हती. तिला म्हणतात व्हॅलोर एक्लेसिअॅस्टिकस. बोलीभाषेत 'राजाची वही'.

या पाहणीच्या पाठोपाठ मठ गेले. वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा १५३६ साली झाला आणि १५४० पर्यंत एकूण एक मठ संपले. त्यांच्या जमिनी राजाकडे आणि पुष्कळशा पुढे धनिकांकडे. लेकीच्या गावच्या फळ्यावर मठाचं नाव जाऊन आधी राजा आणि मग एक घराणं का आलं, त्याचा उलगडा मला असा घरबसल्या झाला. जमिनीबरोबर पाद्री नेमायचा हक्कही गेला होता.

एक शब्द मला फार बोलका वाटला. पाद्रीच्या जागेला इंग्रजीत 'लिव्हिंग' म्हणतात. उपजीविका. सेवा नाही, पद नाही, उपजीविका. ती उपजीविका कशावर चालायची? गावातल्या शेतकऱ्याच्या दशांशावर. दर दहा पेंढ्यांतली एक पेंढी चर्चची. धान्य, गवत, कोकरं, लोकर, अंडीसुद्धा. धान्याचा मोठा दशांश रेक्टरचा आणि बारीकसारीक गोष्टींचा लहान दशांश व्हिकरचा, अशी साधारण वाटणी. जिथे मठांचा हक्क बाहेरच्या जमीनदाराने घेतला, तिथे मोठा दशांशही त्याच्याच कोठारात जाई आणि गावात प्रत्यक्ष राहून लग्नं-मर्तिकं करणाऱ्या व्हिकरला उरलेलं. क्वेकर पंथाची माणसं त्या चर्चला मानत नसत, पण दशांश त्यांनाही चुकला नव्हता. दिला नाही म्हणून कित्येक जण तुरुंगात गेले. १८३६ च्या कायद्याने पेंढ्यांच्या जागी रोख रक्कम आली.

म्हणजे दशांश दोन होते, हे ध्यानात घ्या. शेतकऱ्याचा दहावा हिस्सा पाद्रीकडे आणि पाद्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजाकडे. एक्टनच्या पुस्तकात येतो तो दुसरा. पहिला देणारा शेतकरी त्या पुस्तकात कुठेच नाही.

आणि १५३५ साली लिहिलेला आकडा पुन्हा कुणी तपासलाच नाही. धान्य महागलं, जमीन महागली, पाद्रीचं उत्पन्न कुठे दहापट झालं, कुठे जेमतेम राहिलं. वहीतला आकडा तोच. राजेशाहीत एकदा लिहिलं की लिहिलं! १५५९ साली एलिझाबेथ राणीच्या कायद्याने दहा पौंडांपर्यंतच्या व्हिकरना पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाची माफी दिली, तीही वहीतला आकडा पाहूनच. राजाच्या हक्कातल्या जागांपैकी वहीत ज्यांची किंमत वीस पौंडांहून कमी, त्यांची नेमणूक लॉर्ड चॅन्सलरने करायची. म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुण्या जमीनदाराने गावात बसून जो आकडा लिहून घेतला, त्यावर ठरायचं की आज पाद्री कोण नेमणार. हा कर पूर्ण रद्द झाला १९२६ साली. तीनशे नव्वद वर्षं!

या कहाणीला मध्येच एक चांगलं वळण आहे. १७०४ मध्ये अॅन राणीने आपल्या वाढदिवशी जाहीर केलं की पाद्रींकडून येणारा हा पैसा यापुढे गरीब पाद्रींसाठीच वापरायचा. वर्षाला सोळा-सतरा हजार पौंडांचं उत्पन्न होतं ते. क्वीन अॅन्स बाउंटी म्हणतात त्या निधीला. १७०७ साली ठरलं की ज्यांचं निव्वळ उत्पन्न पन्नास पौंडांहून कमी, त्यांच्याकडून करच घ्यायचा नाही. त्यासाठी अशा गरीब जागांच्या खऱ्या उत्पन्नाची नव्याने चौकशी झाली, आणि एक्टनच्या पुस्तकात कर माफ झालेल्या जागांची यादी वेगळी आहे. सगळ्यांत गरीब जागांना दोनशे पौंड एकरकमी मिळायचे, तेही चिठ्ठ्या टाकून. त्यातून जमीन घ्यायची आणि तिच्या उत्पन्नातून पाद्रीच्या मिळकतीत आठ-दहा पौंडांची भर पडायची. घेण्यासाठी बनवलेली वही अशी देण्याच्या कामी आली. वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण तेही तितकं सरळ नव्हतं. या निधीचा पैसा पुढे साउथ सी कंपनीच्या रोख्यांत गुंतवला गेला, आणि ही कंपनी आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम म्हणून जहाजांतून अमेरिकेकडे नेत होती. हा निधी १९४८ साली ज्या चर्च कमिशनर्समध्ये विलीन झाला, त्यांनीच जुने हिशेब तपासून २०२३ च्या जानेवारीत अहवाल काढला आणि दहा कोटी पौंड त्याच्या भरपाईसारख्या कामासाठी बाजूला ठेवायचं ठरवलं. काही इतिहासकार म्हणतात, हे रोखे म्हणजे मुख्यतः सरकारी कर्जच होतं, गुलामांच्या व्यापाराशी त्याचा संबंध इतका थेट जोडू नका. वाद चालू आहे. पण गरीब पाद्रीच्या हातावर पडलेल्या पौंडाच्या मागे कोण कोण उभं होतं हा प्रश्न तीनशे वर्षांनी तरी विचारला गेला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आपणही त्या रांगेत होतो बरं का! १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानसाठी कलकत्त्याला एक बिशप आणि तीन आर्चडीकन नेमले गेले. एक आर्चडीकन मुंबईला. बिशपला वर्षाला पाच हजार पौंड, आर्चडीकनला दोन हजार. १८३७ पासून मुंबईला स्वतंत्र बिशप आला. इथे पेंढ्यांचा दशांश नव्हता. पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी कधी न पाहिलेल्या बिशपच्या पगाराला हातभार लावला होता!

आता दुसऱ्या रकान्याकडे येते. नेमणुकीचा हक्क. याला इंग्रजीत अॅडव्हाउसन म्हणतात आणि कायद्याच्या दृष्टीने ती सरळ मालमत्ता होती. घरासारखी, शेतासारखी. वारशाने मिळायची, मुलीच्या लग्नात द्यायची, विकायची. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांकडे अशा पुष्कळ जागा होत्या. जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ज्यांनी वाचली असेल त्यांना कॉलिन्स पाद्री आठवेल. त्याला जागा लेडी कॅथरीनने दिलेली असते आणि तो उठता-बसता तिचे गोडवे गातो. हसतो आपण त्याला. ऑस्टेनच्या स्वतःच्या वडिलांनाही स्टीव्हन्टनची जागा एका श्रीमंत नातलगाने दिली होती.

धर्मात मात्र पद विकत घेणं हे पाप! त्याला कायद्याने बंदी. मग वाट काय काढली? जागा रिकामी असताना पैसे दिले तर ते पाप. पण सध्याचा पाद्री जिवंत असताना 'पुढची नेमणूक करण्याचा हक्क' विकत घेतला तर तो व्यवहार. अॅन राणीच्या काळात पाद्रीने स्वतःसाठी असा हक्क घ्यायला मनाई झाली, तर वडील मुलासाठी घेऊ लागले. वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या आणि त्यात सध्याच्या पाद्रीचं वय आवर्जून दिलेलं असायचं. वय जितकं जास्त तितका भाव चांगला! हा बाजार १८९८ च्या आणि १९२३ च्या कायद्यांनी बंद होत गेला. शिवाय एकाच माणसाकडे दोन-तीन जागा, आणि प्रत्यक्ष कामाला क्युरेट नावाचा मदतनीस. त्याला वर्षाला वीस ते पन्नास पौंड द्यावेत असा त्याच काळातला कायदा. वाचताना आपल्याकडची विनाअनुदानित तुकड्यांवरची मुलं-मुली डोळ्यांपुढे आली. काम तेच, हजेरीपट तेच, पगाराच्या दिवशी मात्र मान खाली.

एक हलकीफुलकी गोष्ट सांगते आणि मग मूळ मुद्द्यावर येते. एक्टनच्या पुस्तकात कुठलं चर्च कुठल्या संताच्या नावाचं तेही दिलं आहे. ब्राउन विलिस नावाच्या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाने ती माहिती जमवली. धर्मसुधारणेनंतर कित्येक गावं आपल्या चर्चचा संत कोण हेच विसरून गेली होती. विलिससारखे अभ्यासक गावची जत्रा कधी भरते ते पाहून त्या तारखेच्या आसपासचा संत लिहून टाकत. पुढे गावांनी छापील पुस्तकावर विश्वास ठेवून तेच नाव घेतलं, मग ते मुळात वेगळं का असेना. म्हणजे ग्रामदैवताचं नाव कर-वसुलीच्या पुस्तकातून कळावं! छापलेल्या गोष्टीचा वचक हा असा.

आता जे लिहावं की नाही ते ठरत नव्हतं, ते.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, जमाखर्चाच्या बाबतीत अतिशय काटेकोर. पाच पैशांची कोथिंबीरसुद्धा वहीत लिहायचे. ते गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या आणि माळ्यावर पडून राहिल्या. इंग्लंडहून परत आले आणि आकड्यांची चटक लागल्यासारखी एका दुपारी त्या वह्या काढून बसले. १९७४ सालची वही. जूनचं पान. 'शाळा इमारत निधी, रु. २०००.' त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या नेमणुकीची ऑर्डर निघाली होती. ती तारीख मला पाठ आहे, निवृत्तीच्या कागदपत्रांवर इतक्यांदा लिहिली आहे.

मंडळी, मी आयुष्यभर समजत होते की मला नोकरी माझ्या बी. ए. च्या मार्कांवर मिळाली. मुलाखतीत संस्थेच्या अध्यक्षांनी मला 'उपमा आणि उत्प्रेक्षा यातला फरक सांगा' म्हणून विचारलं होतं, आणि मी तो छान सांगितला होता. वर्गातल्या मुलांना कितीतरी वेळा ही गोष्ट सांगितली आहे, की बघा, अभ्यास केला की असं होतं!

त्याच पानावर मागे, मे महिन्यात, जमेच्या बाजूला एक ओळ आहे. 'पाटल्या मोड.' आईने आम्हाला सांगितलं होतं की पाटल्या पडवीच्या पत्र्यांसाठी मोडल्या. पत्रे खरंच आले होते, पण दुसऱ्या वर्षी. नानांच्या वहीत आईचं नाव नाही. ते असायचं कारणही नाही, जमाखर्चात वस्तू लिहितात, माणूस नाही. तिचे हात पुढे कायम काचेच्या बांगड्यांतच पाहिले आम्ही.

नानांनी लाच दिली का? त्यांना विचारलं असतं तर ते चिडले असते. शाळेला देणगी दिली, पावती आहे, असं म्हणाले असते. आणि इमारत खरंच झाली. त्याच छपराखाली मी चौतीस वर्षं शिकवलं. ती देणगी होती, जशी ती इंग्लंडातली खरेदी पाप नव्हती, नुसता व्यवहार होता. पण त्या मुलाखतीला माझ्याबरोबर आणखी तिघीजणी होत्या. त्यातली एक माझ्यापेक्षा नक्कीच हुशार होती, तिचा फर्स्ट क्लास होता. तिच्या आईकडे मोडायला पाटल्या नसतील. ती पुढे कुठे गेली ते मी कधी विचारलंही नाही. फळ्यावर नाव माझं लागलं.

कॉलिन्सला मी पन्नास वर्षं हसत आले. आता जरा कमी हसते.

आमच्या घरातली मंडळी हे वाचतील तेव्हा काहींना धक्का बसेल, काहींना माहीतही असेल. राग नका मानू. नानांना कमीपणा यावा म्हणून हे लिहिलेलं नाही. त्यांनी निदान लिहून तरी ठेवलं. लिहिलं नसतं तर मी तो उपमा-उत्प्रेक्षेचा किस्सा नातवंडांनाही तसाच सांगत राहिले असते.

ती वही मी परत माळ्यावर ठेवलेली नाही. कपाटात, माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरशेजारी ठेवली आहे. आणि 'पाटल्या मोड' या ओळीसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात आईचं नाव लिहिलं आहे. जुन्या कागदपत्रावर असं काही लिहू नये, हे मीच मुलांना शिकवलं होतं. पण असो.

बरंच लांबलं. तुमच्याही घरी अशा जुन्या वह्या असतील. रद्दीत देण्याआधी एकदा चाळून बघा, आणि काही सापडलं तर मला जरूर कळवा.